अर्ध्या गोळ्यांची पंगत

गिरजाबाई, तू औषध नीट घेतलं नाहीस म्हणून मेलीस, असं काल मला सांगण्यात आलं.

सांगणारे डॉक्टर खुर्चीत बसले होते आणि मी उभी होते. अमरावतीच्या गावाबाहेरचा आपला तोच छातीच्या रोगाचा दवाखाना, तोच लांबलचक बायकांचा वॉर्ड, भिंतींना तेवढा नवा चुना. मी म्हटलं, "हिवरखेडच्या गिरजाबाई गेल्या." त्यांनी आठवल्यासारखं केलं. मग म्हणाले, "अरेरे. वाईट झालं. पण त्या बाईंनी औषध नीट घेतलं नव्हतं ना." आणि समोरच्या कागदांकडे वळले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या सगळ्या दुखण्याचा निकाल त्या एवढ्याशा 'ना'मध्ये लावून माणूस मोकळा! आणि सांगू का, हे आपले छोटे डॉक्टर होते. तेव्हाचे छोटे, आता त्या दवाखान्याचे मुख्य. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. याला तर सगळं ठाऊक होतं.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे. "जाऊ दे वं मास्तरीन, खरंच तं बोलून राहिले ते." हेच तुझं मला कधी पटलं नाही. इतकी वर्षं मी एक वाक्य पुरं करायला जायची आणि तू मधेच तोडायचीस. आता तोडायला तू नाहीस, तेव्हा निमूटपणे ऐकून घे.

आपली ओळखच मुळी रागानं झाली. मी अकोल्याच्या नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, खोकल्यानं पोखरून निघालेली, तुझ्या शेजारच्या खाटेवर आणून टाकलेली. तू हिवरखेडच्या मळ्यातली माळीण, वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात विकणारी, आवाज असा की गिऱ्हाईकानं दोन दुकानं पलीकडे असूनही दचकावं. तू विचारलंस, "कोन गावची?" मी सांगितलं. "कोन्या घरची?" मी म्हटलं, "आम्ही बौद्ध." आमच्या घरानं दीक्षा घेतली त्याला फार दिवस झाले नव्हते आणि तो शब्द मी तेव्हा जरा छाती काढूनच उच्चारायची, मग ती छाती कितीही किडलेली असो. दोन खाटांच्या मधल्या स्टुलावरचा तुझा तांब्या तू उचललास आणि पलीकडच्या बाजूला ठेवलास.

मी तोंड फिरवून झोपले. असले तांबे उचललेले मी जन्मभर पाहिले होते. शाळेत शिकताना ओंजळीत वरून पाणी ओतून घेतलं होतं. तुझ्याशी मी बोलणार नव्हतेच.

मग एका दुपारी मला खोकताना रक्त आलं. थेंब नव्हे, भळाभळा. सिस्टर वॉर्डच्या त्या टोकाला. मी डोळे मिटले, आता संपलं म्हणून, तर कपाळावर एक खरबरीत हात आला आणि तोंडाशी तसराळं आलं. तुझा हात, तुझ्या बांगड्या, तुझी बाही सगळं माझ्या रक्तानं भरलं. तू ओरडत होतीस, मला नव्हे, सिस्टरला, आणि कपाळ सोडत नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरून भाकर आणि वांग्याची भाजी आली. तू भाकर मोडलीस आणि अर्धी माझ्या ताटात टाकलीस. मी म्हटलं, "त्या दिवशी तांब्या उचललास ना?"

"उचलला. बह्याड व्हती मी. आता तुयं रगत मायाच हाताले लागलं, तं भाकर काय पाहाची? खाय मुकाट्यानं."

माफीबिफी तुला कधी मागता आली नाही. तुझी माफी म्हणजे भाकर. तू वयानं मोठी, मी तुला अहोजाहो करू लागले तर म्हणालीस, "मले तुमीबिमी म्हनलं तं बोलनार नाई." म्हणून हे 'तू'. लोक वाचतील तर वाचोत.

तुझं कुठलंच काम अर्ध्यावर थांबायचं नाही. एकदा भाकर मोडलीस ती पुढं सगळ्या वॉर्डची मोडलीस. दुपारी खाटांच्या मधल्या जागेत चादर अंथरायची आणि ज्या बाईच्या घरून जे आलं असेल ते तीवर ठेवायचं. धारणीकडची ती कोरकू पोरगी, जिला भेटायला जंगलातून कोणी येऊ शकत नव्हतं, तिच्या पुढ्यात तू आधी वाढायचीस. ज्या बायांनी नाकं मुरडली त्यांच्याशी तू कडाकडा भांडलीस. "रोग एक, खाटा एक, खोकला एक, मंग ताटं वेगळे काऊन वं?" आठ-पंधरा दिवसांत त्याही खाली बसल्या. तुला कोणी समाजसुधारक म्हटलं असतं तर तू त्याला वांगं फेकून मारलं असतंस.

मला ती पंगत काय होती हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या पिढीनं हक्क मागितले, मिळवले, कायद्याची पुस्तकं वाचली. पण माझ्यासाठी दुसऱ्या घरची बाई तोंड सोडून भांडते आणि मला आपल्या मांडीला मांडी लावून बसवते, हे मी पहिल्यांदा त्या चादरीवर पाहिलं. पहिल्या दिवशी माझा घास हातातच राहिला. तू म्हणालीस, भाजी तिखट झाली वाटते. मी म्हटलं, हो, झाली.

आणि हेही लिहून ठेवते, की बाहेरचे पाहुणे आले की आपले मोठे डॉक्टर तीच पंगत कौतुकानं दाखवायचे. "पाहा, आमच्याकडे कसा भेदभाव नाही." जणू चादर त्यांनी अंथरली होती.

मग गोळ्या आल्या.

एका सकाळी सिस्टरनं कागदाच्या पुड्या वाटल्या. काही जणींच्या पुडीत एकच लहान पिवळी गोळी निघाली, नवी, कधी न पाहिलेली. काही जणींना त्याच जुन्या पांढऱ्या, मूठभर. दिवसाच्या पुड्या सकाळीच हातात द्यायच्या, घेतल्या की नाही हे पाहायला कोणी थांबायचं नाही, अशी तिथली रीत. तुला पिवळी आली. मला पांढऱ्या, त्या कोरकू पोरीलाही पांढऱ्या. सिस्टरला विचारलं, असं का? ती म्हणाली, "मला काय माहीत, वरून आलं आहे." मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा तू विचारलंस. ते म्हणाले, "दिलं ते घ्यायचं. प्रश्न विचारायचे नाहीत."

आता मी त्या दवाखान्याला, तिथल्या सगळ्या शिकलेल्या माणसांना विचारते. काही एक न सांगता तुम्ही एका वॉर्डातल्या बायांना दोन तऱ्हेचं औषध देता, नवं हिला आणि जुनं तिला. त्या बायांना काय वाटावं? चांगलं ते एकीकडे आणि उरलंसुरलं ते दुसरीकडे, हे आम्ही विहिरीवर पाहिलं, शाळेत पाहिलं, देवळाच्या पायरीवर पाहिलं. इथं काहीतरी वेगळं चाललं आहे हे आम्हाला स्वप्नात दिसणार होतं का?

त्या सकाळी तू माझ्या तळहातावरच्या पांढऱ्या गोळ्यांकडे पाहिलंस, आपल्या पिवळीकडे पाहिलंस आणि तुझा चेहरा लाल झाला.

"इथंबी दोन पंगती? मी जित्ती असताना?"

त्या दुपारी जेवण झाल्यावर तू सगळ्यांच्या पुड्या चादरीवर उलट्या करायला लावल्यास. पिवळ्या गोळ्या तांब्याच्या बुडानं टचकन फोडल्यास. प्रत्येकीला अर्धी पिवळी आणि पांढऱ्यांचा सारखा वाटा. भाकर वाटावी तशी तू औषध वाटलंस, आणि आम्ही सगळ्यांनी ते घेतलं, मीही घेतलं, आनंदानं घेतलं. त्या अर्ध्या गोळीइतकं मानाचं औषध मी आयुष्यात घेतलेलं नाही. मग ती रोजची रीतच झाली. जेवण, वाटणी, पाणी, आणि तुझं ते म्हणणं, "चाला, बरं व्हा आता."

बरं कुठलं? पिवळी पोटात गेली की भोवळ यायची, घेरी येऊन भिंत धरावी लागायची. ओकाऱ्या तर विचारू नकोस. तुझ्या दोन्ही हातांवर लाल पुरळ उठलं, रात्रंदिवस खाजवायचीस. आणि सकाळी मोठे डॉक्टर फेरीला यायचे, चालता चालता विचारायचे, "बरं आहे?" आणि आपण सगळ्या एका सुरात म्हणायचो, "बरं हाये." तू हात पदराखाली घ्यायचीस.

का नाही सांगितलं? हा प्रश्नही काल मला विचारला गेला. कारण त्या वॉर्डात तक्रार करणारी बाई घरी जायची. आपल्या आधी एकीनं सांगितलं होतं, इंजेक्शनानं कानात आवाज होतो म्हणून. तिला म्हणाले, घरी आराम करा, आणि तिच्या खाटेवर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई. खाटेसाठी बाहेर पडवीत बाया बसलेल्या असायच्या, त्या आपल्याला दिसायच्या. मग कोण बोलणार? त्यांच्या कागदावर आपण सगळ्या ठणठणीत होतो आणि मोरीत ओकत होतो.

फुटलं ते लघवीच्या तपासणीत. तुला कधी न दिलेल्या पांढऱ्या गोळीचा अंश तुझ्या लघवीत निघाला. मग सगळ्यांची तपासली. मोठे डॉक्टर तरातरा वॉर्डात आले. मी त्यांना तसं चिडलेलं आधी पाहिलं नव्हतं. मागे छोटे डॉक्टर, खाली मान घालून.

"ही कोणाची अक्कल?"

तू उठून उभी राहिलीस. "मायी."

"काय केलंस हे कळतं का तुला? सगळ्या कामाचं वाटोळं केलंस!"

"नाई कळत. आमाले सांगतलं कोनं?"

"तुम्हाला सांगून काय समजणार आहे?"

"न सांगता तं काहीच समजत नाई, साहेब. आमाले वाटलं, चांगलं औषध निवडक लोकायलेच देऊन राहिले. म्हनून वाटून खाल्लं. कोनाचं चोरलं नाई."

ते छोट्या डॉक्टरांकडे वळले आणि इंग्रजीत एक वाक्य बोलले. आपल्याबद्दल. वॉर्डात कोणाला कळणार नाही अशा खात्रीनं. मला कळलं. तू नंतर कितीदा विचारलंस, काय म्हनले वं ते? मी म्हटलं, ऐकू आलं नाही. ते वाक्य मी तुला सांगितलं नाही आणि आताही सांगत नाही. पण ज्या पंगतीचं ते पाहुण्यांपुढं कौतुक करत होते तिलाच त्यांनी त्या दिवशी जे नाव दिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

संध्याकाळी छोटे डॉक्टर पडवीत आले. एकटे, चोरून आल्यासारखे. तेव्हा त्यांच्यात माणूस होता. त्यांनी आपल्या दोघींना बसवून सांगितलं. नवी गोळी चांगली की जुनी, हे कोणालाच ठाऊक नाही. मोठ्या डॉक्टरांनाही नाही. ते कळावं म्हणून निम्म्या बायांना ही, निम्म्यांना ती. कोणाला कुठली, ते कोणी निवडलं नव्हतं, चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. दोन्ही मिसळल्या की काहीच कळत नाही. आणि आणखी एक, अर्धी अर्धी मात्रा पोटात गेली की जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. मग पुढं पुरी गोळी दिली तरी ती लागू पडत नाही.

तू लक्ष देऊन ऐकत होतीस. म्हणालीस, "म्हंजे नवं बियानं आलं की एक वाफा नव्याचा, एक जुन्याचा, आन मधात मिसळाचं नाई. एवढंच ना?"

"हो," ते म्हणाले, "एवढंच."

"एवढंच व्हतं?" तू पुन्हा विचारलंस. मग अगदी हळू, तुझ्या तोंडून मी कधी न ऐकलेल्या आवाजात, "आन म्याच मिसळलं. साऱ्याइच्या पोटात म्याच घातलं."

त्या रात्री तू जेवली नाहीस. दुसऱ्या दुपारी तुझ्या घरून डबा आला आणि चादर अंथरली गेली नाही. कोरकू पोरगी सवयीनं खाली येऊन बसली होती. तू म्हणालीस, "जा बाई, आपापल्या खाटेवर जेवा." मी तुझ्यावर ओरडले, गोळ्या वेगळ्या ठेवू, भाकर का वेगळी? तू ऐकलं नाहीस. जे मोडायला लोकांना कधी जमलं नसतं ते डॉक्टरांच्या न सांगण्यानं मोडलं. याची भरपाई कोण करणार आहे?

तेव्हापासून आपला वाद. तो वाद म्हणजे खरं तर आपली मैत्री होती, असं आता वाटतं. मी म्हणायची, चूक त्यांची. तू म्हणायचीस, चूक मायी. मी म्हणायची, बरं, सांगितलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं, आपण काय वाफ्यातली वांगी आहोत का? यावर तू खवळायचीस.

"मंग औषध निंगन कसं? कोनावर तं पाहा लागन ना?"

"तुझ्यावरच का?"

"मायावर काऊन नाई? रोग मलेच तं हाये. ज्याले रोग नाई त्याच्यावर काय पाहान?"

तेवढं खरं. पण गिरजाबाई, ज्याच्यावर पाहायचं त्याच्याशी बोलायचं नाही, हे कुठून आलं? बैलाला नवं जू लावताना माणूस त्याच्या मानेवरून हात फिरवतो. आपल्याला पुडी मिळाली.

आपल्या सगळ्यांची नावं त्या कामातून बाद झाली. 'बाद' हाच शब्द. पुढचं औषध सगळ्यांना सारखं, जुन्याच रीतीनं दिलं. माझी थुंकी साफ आली. तुझी येईना. पुरी मात्रा झाली, तीही लागू पडेना. छोटे डॉक्टर पडवीत म्हणाले होते तसंच झालं. मला घरी सोडलं ते बरी झाले म्हणून, आणि तुला सोडलं ते आता काही करण्यासारखं नाही म्हणून. एकाच दिवशी, एकाच फाटकातून. तू माझी पिशवी उचलायला निघालीस. मी हिसकावून घेतली.

मी हिवरखेडला यायची तेव्हा तू मळ्याच्या टोकाला झोपडीत असायचीस, घरात नातवंडं म्हणून. खाटेवर बसून सांभाराच्या जुड्या बांधायचीस आणि पाण्याच्या पाळीवरून लेकाच्या नावानं ओरडायचीस. ओरडून झालं की खोकायचीस. मी वाद काढला की म्हणायचीस, "तुले बोलाले सोपं हाये. तू बरी झाली." हे तू रागानं म्हटलं नाहीस, पण माझ्या काळजात ते रुतून बसलं आहे. काय सांगू तुला? कदाचित तुझ्या पिवळीच्या अर्ध्या तुकड्यानं मी वाचले. कदाचित माझ्या वाट्याच्या पांढऱ्यांनी तुझं बिघडवलं. कदाचित यातलं काहीच नाही. कोणाच्या पोटात काय गेलं आणि कोणाला काय लागू पडलं, हे आपल्यापाशी बसून कोणी विचारलं असतं तर आज मला ठाऊक असतं. त्यांनी विचारलं नाही. आपण बाद होतो ना.

शेवटच्या वेळी आले तेव्हा तुझ्यानं बसवत नव्हतं. आवाज तेवढा शाबूत. तू म्हणालीस, "मास्तरीन, ते पिवळी गोळी शेवटी चांगली निंगली का?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"इचारून येजो वं. मले मालूम तं होईन."

मी म्हटलं, त्या दारात मी मेले तरी पाय ठेवणार नाही. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, नेहमीचंच भांडण आहे, पुढच्या खेपेला मिटेल. पुढची खेप आली ती तुझ्या मातीची.

आणि गंमत पाहा, तुझ्या तेराव्यानंतर त्याच दवाखान्यानं मला बोलावलं. आणखी एक नवं औषध आलं आहे, पुन्हा तसंच निम्म्यांना हे आणि निम्म्यांना ते. या वेळी काही घोळ होऊ नये म्हणून बरी झालेली, शिकलेली एखादी बाई हवी होती. छोटे डॉक्टर, म्हणजे आताचे मुख्य, मला म्हणाले, "तुम्ही त्यांच्यातल्याच. तुमचं ऐकतील. एवढंच सांगा, की दिलेली गोळी निमूट घ्या आणि कोणाला देऊ नका."

मी त्यांना आधी तुझा प्रश्न विचारला. पिवळी चांगली निघाली का?

"नाही," ते म्हणाले. "ती केव्हाच बंद केली. दुसरीकडे तपासणी झाली तेव्हा कळलं, त्रास फार होतो. भोवळ, ओकाऱ्या, पुरळ."

ऐकलंस? भोवळ, ओकाऱ्या, पुरळ! दुसरीकडे कळलं! जे तू पदराखाली घेऊन बसली होतीस ते कळायला त्यांना दुसऱ्या गावी जावं लागलं. मी हे बोलले. बरंच मोठ्यानं बोलले, बाहेरचा शिपाई आत डोकावला. "मग त्यांनी तेव्हा का नाही सांगितलं?" ते म्हणाले. मी पडवीतल्या बायांचं सांगितलं. खाटेचं सांगितलं. तुझं सांगितलं, तू गेलीस हेही. त्यावर ते वाक्य आलं, जे मी वर लिहिलं आहे.

मी निघूनच येणार होते. फाटकापर्यंत गेलेही. पण मग तुझी आठवण आली, भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि वाटलं, मी निघून गेले तर आत पुन्हा न सांगताच पुड्या वाटल्या जातील. परत फिरले. त्यांना म्हटलं, "मी सांगते. पण सगळं सांगेन, आणि तुम्ही शेजारी उभं राहायचं."

वॉर्डात गेले. तुझ्या खाटेवर एक मोर्शीकडची बाई होती, तिच्या शेजारी माझ्या खाटेवर कोणी पोरगेलीशी. मी सांगितलं, हे औषध चांगलं की ते, यांना ठाऊक नाही. ते कळावं म्हणून तुमची मदत हवी आहे. चिठ्ठीत येईल ते मिळेल, कोणी निवडणार नाही, जातीनं नाही, घरानं नाही, वशिल्यानं नाही. मिसळलं तर औषध फुकट जातं आणि माणूसही जातं. भाकर वाटा, गोळी वाटू नका. तुमची मर्जी असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा.

मग ती मोर्शीची बाई म्हणाली, "नाई म्हनलं तं खाट जाईन काय?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, बाईंनी हे मला नाही, तुम्हाला विचारलं.

"खाट जाणार नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, त्या टोकापर्यंत ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"आन तरास झाला तं कोनाले सांगाचं?"

"मला."

"तुमी थांबसान काय आयकाले? का चालता चालता?"

त्यांचा चेहरा उतरला. काही आठवलं असेल तर असो. शेजारचं स्टूल ओढून ते खाली बसले आणि म्हणाले, "थांबेन." मग बायांनी भराभर विचारायला सुरुवात केली. लेकराला दूध पाजणारीनं घ्यावी का, गोळी उलटून पडली तर पुन्हा घ्यायची का, किती दिवस. काही त्यांना सांगता आलं, काही आलं नाही, आणि जे आलं नाही ते 'ठाऊक नाही' असं त्यांनी तोंडानं म्हटलं. शेवटी एकीनं नाही म्हटलं. बाकीच्या सगळ्यांनी हो म्हटलं. ती मोर्शीची बाई तर म्हणाली, "एवढंच हाये तं घेऊ ना."

तेवढ्यात सिस्टरनं आमच्यासाठी चहा आणला. आम्ही बोलायला लागलो तेव्हा तिनं तो चुलीवर ठेवला होता.

एवढाच वेळ लागला, गिरजाबाई. तेवढा त्यांच्याकडे तुझ्यासाठी नव्हता.